धूर, जव आणि बांबेर्गचे चार दिवस

पहिला दिवस, गुरुवार, 30 मे 2019

"मामा, पहिल्या घोटाला मत द्यायचं नाही. तिसऱ्या ग्लासनंतर बोला," भाच्याने गाडीतच बजावलं. तो जर्मनीत एर्लांगेनला नोकरी करतो. तिथून बांबेर्ग रेल्वेने पाऊण तासाच्या आत. मी साठीचा, बार्शीचा, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. बिअर वर्षातून चारदा, तीही लग्नकार्यात कुणी कोपऱ्यात बोलावलं तर. ही म्हणजे माझी बायको, थेंबाला शिवत नाही. तरी या गावाचं नाव काढलं ते तिनेच, कारण तिला जुन्या शहराचे फोटो आवडले होते. इथल्या धुराच्या चवीच्या बिअरचं भाच्याने नंतर सांगितलं. हिने सकाळी उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भरला आणि आम्ही निघालो.

स्टेशनाबाहेर पडलो आणि चक्रावलो. आमच्या पुढून सात-आठ तरुण एक लाकडी हातगाडी ओढत चालले होते. गाडीत बिअरचा क्रेट, वर छत्री, एकाच्या डोक्यावर फुलांचा मुकुट. मागून तसाच आणखी एक घोळका. आज येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी, आणि याच दिवशी जर्मनीत 'बापांचा दिवस' असतो, असा खुलासा भाच्याने केला. बापमंडळी (आणि बाप व्हायला बराच अवकाश असलेलीही) हातगाडीत बिअर घालून रानोमाळ हिंडतात. "आपल्याकडे बापाला या दिवशी घरात घेतलं नसतं," ही म्हणाली.

स्टेशनाकडून जुन्या गावात जाताना नदीचे दोन फाटे ओलांडावे लागतात. रेग्नित्स नदी गावाच्या मधून वाहते आणि जुनी नगरपालिका थेट तिच्या पात्रात उभी आहे. दंतकथा अशी, की बिशपने नगरपालिकेसाठी वीतभर जमीन द्यायला नकार दिला, म्हणून गावकऱ्यांनी नदीत लाकडी खांब ठोकून बेट तयार केलं आणि त्यावर इमारत बांधली. खरंखोटं बिशप जाणे. भिंतीवरच्या चित्रातल्या एका बाळदूताचा पाय मात्र खरोखरचा घडवलेला आहे, भिंतीतून बाहेर लोंबतो. पाच मिनिटं आम्ही नुसता तो पाय पाहत होतो. या सगळ्या जुन्या गावाला 1993 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा आहे.

पूल उतरलं की डाव्या-उजव्या दोन गल्ल्या, आणि कॅथेड्रलच्या टेकडीच्या पायथ्याशी, डॉमिनिकानरश्ट्रासेवर, श्लेंकेर्ला नावाचं बिअरघर. काळ्या लाकडांच्या चौकटीचं जुनं घर, खिडक्यांत फुलझाडं. दारातून शिरल्यावर बोळासारखा अरुंद भाग आहे आणि तिथे बिअर द्यायची खिडकी. बसायला जागा नसली किंवा बसायची इच्छा नसली, तर तिथून ग्लास घ्यायचा आणि रस्त्यावर उभं राहून प्यायचा. आज तर गल्ली भरलेली होती, त्या हातगाडीवाल्यांचं एक टोळकंही तिथे पोचलेलं.

आत सगळी लांब लाकडी बाकं. टेबल आपलं एकट्याचं नसतं, 'इथे कुणी आहे का' विचारायचं आणि अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. आपल्या खाणावळीसारखंच. पिंप काउंटरवर आडवं ठेवलेलं, लाकडाचं, आणि बिअर त्यातून नुसत्या उताराने ग्लासात येते. गॅसचा दाब नाही, नळ्यांचं जंजाळ नाही. अर्ध्या लिटरच्या ग्लासला इथल्या फ्रांकोनियन बोलीत 'झाइडला' म्हणतात. बिअर जवळजवळ काळी, वर मळकट पांढरा फेस.

मी घोट घेतला. काय सांगू? धूर. मुलामा दिल्यासारखा नाही, चांगला घशापर्यंत जाणारा धूर. युरोपातली माणसं याला डुकराच्या सुक्या मांसाची चव म्हणतात, तसं समोरच्या आजोबांनीही खुणेने सुचवलं. माझ्याकडे ती आठवण नाही. मी ग्लास हिच्यापुढे केला, नुसता वास घ्यायला. तिने एकदाच हुंगलं आणि म्हणाली, "बंब."

बरोबर! परसातला तांब्याचा बंब, खाली ओली लाकडं, आणि पहाटे आंघोळीच्या पाण्याला, टॉवेलला, अंगाला येणारा तो वास. चाळीस वर्षांपूर्वीचा. पण आंघोळीचं पाणी प्यायची सवय नसल्याने मला अर्ध्या ग्लासच्या पुढे जाता येईना. ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर जुन्या वळणाच्या जर्मनमध्ये काहीतरी छापलं होतं. भाच्याने वाचून दाखवलं. मतलब असा, की पहिल्यांदा चव परकी वाटेल, पण थांबू नका, तहान काही कमी होणार नाही आणि मजा वाढत जाईल. गिऱ्हाईक तोंड वाकडं करणार हे धरूनच चाललेला धंदा मी पहिल्यांदा पाहिला. उरलेला अर्धा भाच्याने संपवला.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी मिशेल्सबेर्गच्या टेकडीवर चढलो. वर बेनेडिक्टाइन साधूंचा मठ, 1015 सालचा. मठाच्या चर्चच्या छतावर पाचशेहून अधिक वनस्पती रंगवलेल्या आहेत, ते पाहण्यासाठीच ही उत्सुक होती. पण चर्च दुरुस्तीसाठी बंद. ती अर्धा तास रुसली. मी मात्र मनातल्या मनात खूश, कारण त्याच आवारात, साधूंच्या जुन्या बिअरघराच्या तळघरांत, फ्रांकोनियाचं, म्हणजे या भागाचं, ब्रुअरी संग्रहालय आहे आणि आता ते आधी बघणं भाग होतं.

इथे थोडं थांबतो, कारण बिअर कशी होते ते मला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आपण मराठीत दारू 'गाळतो'. बिअर गाळत नाहीत. तिला भट्टी नाही, वाफ नाही. ती शिजवायची आणि आंबवायची. सरकारी मराठीत तिला 'यवसुरा' म्हणतात. तो शब्द मी बँकेत कर्जाच्या एका कागदावर वाचला होता आणि हसलो होतो. पण शब्द चोख आहे: यव म्हणजे जव, आणि सगळा खेळ जवाचा.

जव आधी पाण्यात भिजवायचे. मग ओले जव पसरून ठेवायचे, साधारण आठवडाभर, अधूनमधून खालीवर करत, म्हणजे त्यांना मोड येतात. मोड येताना दाण्यातल्या पिष्टाची साखर करणारे पाचक रस जागे होतात. मोड फार वाढले तर दाणा स्वतःच सगळं खाऊन टाकतो, म्हणून नेमक्या वेळी थांबवायचं. थांबवायचं म्हणजे वाळवायचं. या वाळलेल्या मोडाच्या जवाला माल्ट म्हणतात. लाकडी फावडी आणि जाळीच्या तबकांचा कोपरा मी हिला समजावून सांगत होतो, तर ती मला मध्येच तोडून म्हणाली, "एवढं काय त्यात? नाचणीचं सत्त्व."

मी गप्प. भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, दळायची. पोरांना दुधात शिजवून द्यायची. हिने आमच्या दोघी मुलींसाठी वर्षानुवर्षं माल्टिंग केलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

फरक एकच, तिच्या नाचणीला सोलापूर जिल्ह्यातलं ऊन होतं. जर्मनीच्या हिवाळ्यात ओले जव उन्हात कुठे वाळवणार? मग खाली विस्तव पेटवायचा, वर भोकाभोकांचा तळ, त्यावर जव. जाळ खाली, दाणा वर, आणि मधे धुराला दुसरी वाट नाही. म्हणजे एके काळी विस्तवावर वाळवलेल्या बहुतेक माल्टला धुराचा वास असणार, आणि त्याच्या बिअरलाही. 'धुराची बिअर' असा वेगळा प्रकार तेव्हा नव्हताच. बिअर म्हणजे तीच.

लोकांना धूर नकोच होता, हे मात्र मला मजेशीर वाटलं. 1635 साली इंग्लंडात निकोलस हॉल्स याने धूर न लागता माल्ट वाळवण्याच्या भट्टीचं पेटंट घेतलं. पुढे जाळायला कोक, म्हणजे धूर न करणारा कोळसा, मग गरम हवा खेळवणाऱ्या भट्ट्या आल्या. माल्ट स्वच्छ, फिकट, स्वस्त झालं. एकेका गावातून धूर उठून गेला. धूर टिकवणाऱ्यांना तेव्हा कुणी 'परंपरा जपणारे' म्हटलं असेल असं वाटत नाही. मागासलेलेच म्हटलं असणार. बांबेर्गमधल्या दोन जुन्या घरांनी आपल्या भट्ट्या बदलल्या नाहीत: एक श्लेंकेर्ला, दुसरं श्पेत्सियाल. दोघंही आजही स्वतःचं माल्ट स्वतः, बीच नावाच्या झाडाच्या लाकडांच्या जाळावर वाळवतात. धूर बिअरमध्ये घालत नाहीत. तो आधीच दाण्यात मुरलेला असतो.

दुपारी श्पेत्सियालला गेलो. हे नदीच्या अलीकडे, ओबेरे क्योनिगश्ट्रासेवर, 1536 सालचं. समोरासमोर, रस्ता ओलांडला की फेस्ला नावाची दुसरी ब्रुअरी, 1649 ची. दोघं जण शेकडो वर्षं एकमेकांच्या दारात बघत धंदा करतायत. आपल्याकडे दोन मिठाईवाल्यांचं एवढं जमत नाही. श्पेत्सियालची बिअर तांबूस, हलकी, आणि धूर आपला मागच्या बाकावर बसलेला. घोट घेतल्यावर क्षणभराने कळतो. मला आठवला हुरडा. आगटीत भाजलेलं कोवळं कणीस, हातावर चोळून तोंडात टाकलं की आधी गोड आणि मग मागून येणारा गोवरीचा धूर. अगदी तसं. पूर्ण ग्लास संपवला. भाच्याने बोटाने 'एक' मोजला. कालचा अर्धा त्याने धरला नाही.

संध्याकाळी आणखी एका बिअरघरात (नाव सांगत नाही, चूक आमची होती) मोकळं दिसलेल्या गोल टेबलावर ऐसपैस बसलो. दहा मिनिटांनी पाच म्हातारे आले आणि काही न बोलता आमच्याकडे बघत उभे राहिले. ते त्यांचं 'श्टामटिश' होतं, नेहमीच्या मंडळींचं टेबल. टेबलावर मधोमध तशी पाटीही होती, आमच्या पिशवीखाली झाकलेली. पारावर दुसऱ्याच्या जागेवर बसल्यासारखं झालं. उठलो. त्यातल्या एकाने हसून हिची पिशवी उचलून दिली.

तिसरा दिवस, शनिवार

ग्र्युनर मार्क्टमध्ये सकाळी भाजीबाजार बघितला. सोलापूरच्या कांद्याचा बाजार पाहिलेल्या माणसाला एरवी कुठलाही कांदाबाजार लहानच वाटतो, पण इथे कांद्याची गोष्ट निराळी. बांबेर्गच्या माळ्यांना 'कांदे तुडवणारे' असं टोपणनाव आहे. पायांना फळ्या बांधून ते कांद्याची पात तुडवायचे, म्हणजे जोर खाली कांद्यात जातो. आमच्याकडे माना पडायची वाट बघतात, एवढंच.

दुपारी तोच कांदा ताटात आला: आख्खा पोखरून आत खिमा भरलेला, वर धुराच्या बिअरची चटणीसारखी पातळ ग्रेव्ही आणि बाजूला कुस्करलेला बटाटा. भाच्याने खाल्ला. आम्ही दोघं शाकाहारी, आमच्या वाट्याला 'गेरुप्फ्टर' आलं. मऊ चीज, लोणी, कांदा, लाल मिरचीची पूड असं कालवलेलं आणि सोबत ब्रेड. हिने तपासून पाहिलं आणि पास केलं. कॅथेड्रलमध्ये प्रसिद्ध दगडी घोडेस्वार पाहिला. गर्दी फार होती, लवकर बाहेर पडलो.

मग श्टेफान्सबेर्गची चढण. श्लेंकेर्लाची ब्रुअरी या टेकडीवर आहे, खाली गावात आहे ते फक्त तिचं बिअरघर. आत जायचा योग नव्हता, बाहेरून भिंत पाहिली. खरी गंमत पायाखाली आहे. बांबेर्गच्या टेकड्या वाळूच्या दगडाच्या, आणि त्या आतून पोखरलेल्या, बोगदेच बोगदे. लोकांनी आधी घासायला-पुसायला वाळू काढली, मग तयार झालेल्या गारेगार पोकळीत बिअर ठेवली. इथली बिअर थंडाव्यात सावकाश आंबते, थंडीतच मुरते. फ्रीज येईपर्यंत उन्हाळा म्हणजे संकटच. तेव्हा शेजारचं राज्य असलेल्या बव्हेरियात तर 1553 साली ड्यूकने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर शिजवायलाच बंदी केली होती. त्यामुळे मार्चमध्ये जरा कडक बिअर करून ठेवायची, ती उन्हाळाभर पुरवायची. 'मेर्त्सन' हे नाव त्या मार्चवरून. श्लेंकेर्लाची रोजची धुराची बिअर मेर्त्सनच आहे, 5.1 टक्क्यांची. हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून तळघरांत भरायचे. 1870 च्या दशकात कार्ल लिंडे याने थंड करणारं यंत्र काढलं, आणि ते पहिल्यांदा बसवलं गेलं म्युनिकमधल्या एका ब्रुअरीतच. म्हणजे आपल्या घरातल्या फ्रीजच्या खानदानात बिअरवाले आहेत.

तळघर थंड राहावं म्हणून त्याच्या माथ्यावर चेस्टनट आणि लिंडनची झाडं लावली. सावली झाली, खाली बिअर, वर सावली, माणूस तिथे बसणारच. म्हणून इथे लोक 'तळघरात' जात नाहीत, 'तळघरावर' जातात. आम्हीही गेलो, श्पेत्सियालच्या तळघरावर, वेधशाळेच्या शेजारी. समोर आख्खं गाव, कॅथेड्रलचे चार मनोरे, मिशेल्सबेर्गचा मठ. एका टेबलावर तीन पिढ्यांचं कुटुंब पत्ते खेळत होतं, आजी जिंकत होती.

काही तळघरांवर खाणं घरून आणायची मुभा असते, ही जुनी रीत आहे. भाच्याने विचारून खात्री केली आणि मग शेजारच्या अशाच एका ठिकाणी डबा उघडला. दशमी, चटणी आणि धुराची बिअर. चटणीतला लसूण आणि धूर यांचं काय गूळपीठ जमलं म्हणता! शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी डब्याकडे बघून काहीतरी विचारलं. हिने सरळ अर्धी दशमी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी परतफेड म्हणून मुळ्याच्या मीठ लावलेल्या चकत्या दिल्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि वीस मिनिटं गप्पा चालल्या.

भाचा तेवढ्यात त्याच्या आवडीच्या विषयावर घसरला. बिअरमध्ये जव, हॉप्सची फुलं आणि पाणी याखेरीज काही नको, असा बव्हेरियाचा शुद्धतेचा कायदा 1516 चा, इंगोलश्टाटमधला. जर्मनीत तो जिथेतिथे मिरवतात. पण बांबेर्ग तेव्हा बव्हेरियात नव्हतंच, ते बिशपचं स्वतंत्र राज्य. बव्हेरियाने ते गिळलं थेट 1803 च्या सुमारास. आणि इथल्या बिशपने माल्ट, हॉप्स आणि पाणी एवढंच वापरा, हा हुकूम 1489 मध्येच काढला होता. सत्तावीस वर्षं आधी! हे सांगताना भाच्याची छाती अशी फुगली होती, जणू हुकूम याच्या पणजोबांनी काढला. माझ्या बँकेच्या डोक्याला मात्र दुसरीच शंका: दोन्ही यादींत यीस्ट नाही. आंबवणारा जीव कुठला हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हतं. मागच्या खेपेचा साका पुढच्या खेपेला लावायचा, आपण विरजण लावतो तसा. कायद्यात विरजणाचा उल्लेख कोण करतो?

या विरजणाचीच एक गोष्ट ऐकून मला श्लेंकेर्ला खऱ्या अर्थाने आवडलं. ते एक फिकट साधी बिअरही करतात, तिच्यात धुराचं माल्ट अजिबात नसतं. तरी तिला बारीकसा धूर असतो. का, तर तीच तांब्याची भांडी आणि धुराच्या बिअरमधून आलेलं तेच यीस्ट. लसणीच्या पाट्यावर वाटलेलं खोबरं जसं.

चौथा दिवस, रविवार

निघायचा दिवस. सकाळी पुन्हा श्लेंकेर्लाची ती खिडकी. गल्ली रिकामी, फरशी धुतलेली, चर्चच्या घंटा चाललेल्या. इथे शेवटी 'श्निट' मागायचा असतो, पूर्ण ग्लास नको असलेल्याला दिलेला थोडासा. मी तो मागितला. माझा उच्चार ऐकून खिडकीतला माणूस हसला, पण दिला.

उभ्याउभ्या भाच्याने नावाची हकिकत सांगितली. हे घर 1405 पासून कागदोपत्री आहे आणि तेव्हा त्याचं नाव 'निळा सिंह' होतं. एकोणिसाव्या शतकात इथला एक मालक हात झुलवत, लडखडत चालायचा. फ्रांकोनियन बोलीत अशा चालीला जो शब्द आहे, त्यावरून लोक त्याला श्लेंकेर्ला म्हणू लागले आणि नाव दुकानालाच चिकटलं. निळा सिंह गेला. आता त्याच घराण्याची सहावी पिढी चालवते. एवढ्या प्रतिष्ठित ठिकाणाचं नाव म्हणजे मालकाच्या चालण्याची टिंगल! आपल्या गावातल्या 'लंगड्याची भेळ'ची आठवण झाली, आणि ती भेळही काय वाईट नव्हती.

तिसऱ्या ग्लासनंतर मत द्यायचं ठरलं होतं. माझं मत: मला श्पेत्सियालची बिअर जास्त आवडते. श्लेंकेर्लाची माझ्यासाठी जरा जास्तच हट्टी आहे. भाच्याला हे पटलं नाही, स्टेशनापर्यंत तो वाद घालत होता. लेंटच्या उपासाच्या दिवसांतली त्यांची वेगळी बिअर, ऑक्टोबरातली उरबॉक, नाताळची ओक लाकडाच्या धुरावरची, या सगळ्या चाखल्याशिवाय मी बोलूच नये, असं त्याचं म्हणणं.

संध्याकाळी एर्लांगेनला पोचलो. भाच्याच्या ऑफिसातला एक मित्र हौसेने घरी बिअर करतो. त्याने धुराच्या माल्टची छोटी कागदी पिशवी दिली होती, मामांना दाखवायला म्हणून. मी दोन दाणे चावले. कुरकुरीत, गोड, मग तो बंब. हिने पिशवी माझ्या हातून घेतली, ओंजळभर दाणे मिक्सरला लावले, चाळणीने कोंडा काढला आणि पातेल्यात दूध ठेवलं. गूळ नव्हता, ब्राऊन शुगर घातली.

भाच्याने दोन वाट्या संपवल्या आणि पातेल्यात डोकावला. "मामी, मित्राला सांगू का अजून आणायला?"

"सांग," ही म्हणाली, "पण त्याला म्हणावं, बिअर कसली करतोस त्याची."